नागसेनवनातला व्हिटमन

१९६५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन या कवीवर पीएच.डी.चा एक प्रबंध सादर झाला. व्हिटमनची कविता आणि आपल्याकडचं तंत्रदर्शन यांची तुलना हा त्याचा विषय. प्रबंधकर्त्याचं नाव मनोहर नामदेव वानखडे. इंग्रजी साहित्यावरचे असे प्रबंध जगभरच्या विद्यापीठांत कपाटं भरून पडलेले असतात. पदवी हाती आली, पगारवाढ मिळाली, की बहुतेकांचं काम संपतं. वानखड्यांचं तसं झालं नाही. ते औरंगाबादला परतले, नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत या कॉलेजच्या आवारातून जी चर्चा उठली तिनं मराठी साहित्याला नवं वळण दिलं. त्या वळणाला आपण दलित साहित्य म्हणतो.

मराठीतल्या एवढ्या मोठ्या घडामोडीच्या मध्यभागी इंग्रजीचा एक प्राध्यापक उभा होता, ही गोष्ट इंग्रजी विभागांना स्वतःलाही फारशी आठवत नाही. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहरात एखादा मुलगा इंग्रजी घेऊन एम. ए. करतो म्हणाला, की घरचे खूश होतात, कारण इंग्रजीवाल्याला नोकरी लागते असा समज आहे. तो शिकतो काय, कशासाठी, आणि त्याच्या शिकण्याशी या शहराचा संबंध काय, हे कुणी विचारत नाही. हा लेख त्या प्रश्नांचा आहे. मराठवाड्यात इंग्रजीच्या अभ्यासाचा इतिहास जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा, पण तो नीट पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. हा अभ्यास जेव्हा जेव्हा इथल्या माणसांकडे तोंड करून उभा राहिला, तेव्हा त्यातून मोलाचं काही निपजलं. त्यानं पाठ फिरवली तेव्हा हाती फक्त गाइडं उरली.

विषय कसा जन्माला आला

इंग्रजी साहित्य हा ‘विषय’ इंग्लंडातून तयार होऊन आपल्याकडे आला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्रम जवळपास उलटा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ मध्ये इंग्रजीचं अध्यासन निघालं खरं, पण ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी मिळायला एकोणिसावं शतक सरत यावं लागलं आणि केंब्रिजला तर १९१७ साल उजाडलं. तोवर तिथल्या थोरामोठ्यांची मुलं ग्रीक-लॅटिन शिकत. आपल्याकडे मात्र मेकॉलेचं टिपण १८३५ चं आणि मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे शेक्सपिअर आणि मिल्टन पाठ करून पदवीची परीक्षा देणाऱ्या मुलांच्या पिढ्या मुंबई-कलकत्त्यात उभ्या राहिल्या, त्या ऑक्सफर्डच्या आधी. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात हे सविस्तर मांडलं आहे. धर्मप्रसार उघडपणे करता येत नव्हता, म्हणून साहित्याच्या मार्गानं प्रजेच्या मनाला वळण लावायचं, असा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब सरकारला हवा तसा जुळला नाही. कवी वर्ड्सवर्थचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्सवर्थच, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एडविन अर्नोल्ड प्राचार्य होता. अशा कॉलेजांतून शिकलेल्या मुलांनी इंग्रजी आपल्या कामाला जुंपली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं. देवलांच्या ‘झुंझारराव’नं तोच ‘ऑथेल्लो’ मराठी रंगभूमीवर गाजवला. यातलं काहीही अभ्यासक्रमात सांगितलेलं नव्हतं.

कॉलेजची पायरीही न चढलेल्या एका माणसानं तर याहून लांबची मजल मारली. जोतीराव फुले मिशनरी शाळेत इंग्रजी शिकले आणि त्यांनी थॉमस पेन वाचला. पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाला अमेरिकेतल्या गुलामाचं दुःख आपलं वाटलं, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता इंग्रजीतून गेला. मराठी माणसाच्या हातात इंग्रजीचा सर्वांत मोठा उपयोग हाच ठरला, असं मला ठामपणे वाटतं. इंग्लंडच्या राजा-राणीपेक्षा जगातला आपल्यासारखाच दबलेला माणूस या भाषेनं जवळ आणला.

निजामाच्या राज्यात

हे सारं इंग्रजी मुलखातलं. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि तिथली तऱ्हा वेगळी होती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. त्याचं माध्यम उर्दू. वैद्यकापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. इंग्रजी राजवटीत अपवादानंच आढळणारं देशी भाषेतून उच्च शिक्षण इथे उभं राहिलं. मराठी घरातल्या मुलासाठी मात्र उर्दू हीही शिकून घ्यायचीच भाषा होती. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि परीक्षेला इंग्रजी, अशा तिपेडी भाषेत मराठवाड्यातल्या जुन्या पदवीधरांची घडण झाली.

याच काळात एक इंग्रज कादंबरीकार औरंगाबादला येऊन गेला. ई. एम. फॉर्स्टर १९१३ मध्ये इथे सईद मिर्झा नावाच्या तरुण न्यायाधिकाऱ्याकडे उतरला होता. त्यानं दौलताबादचा किल्ला पाहिला, वेरूळचं कैलास लेणं पाहिलं. तो राहिला ती जागा कमानींची, बागेकडे उघडणारी होती. १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली तेव्हा फिल्डिंग या प्राचार्याचं कादंबरीतलं घर त्या जागेवर बेतलेलं होतं. सईद मिर्झानं फॉर्स्टरसोबत फिरताना इंग्रजांविरुद्ध मनातली सगळी चीड ओकली होती. कितीही वर्षं लागोत, तुम्हाला इथून घालवू, असा त्याचा आवेश होता. कादंबरीच्या अखेरीस डॉक्टर अझीझच्या तोंडी तोच आवेश आहे.

ही कादंबरी देशभरात इंग्रजीच्या एम. ए.ला लावली जाते. मराठवाड्यातली मुलं ती वाचतात, मराबार लेण्यांवर दहा-दहा गुणांची उत्तरं लिहितात, आणि तिच्यातलं एक घर व एक संताप त्यांच्याच शहरातून गेला आहे हे बहुतेकांना कळतच नाही. गाइडात ते नसतं.

फॉर्स्टरनं ही कादंबरी आपला मित्र सय्यद रॉस मसूद याला अर्पण केली. हा मसूद म्हणजे सर सय्यद अहमद यांचा नातू. १९१६ पासून तो हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचा प्रमुख होता, म्हणजे मराठवाड्यातल्या शाळा त्याच्याच अखत्यारीत होत्या. उस्मानियाच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. पुढे त्यानं जपानला जाऊन तिथली शिक्षणपद्धती पाहिली आणि आपल्या भाषेतून शिकूनही एखादा देश जगाच्या बरोबरीला येऊ शकतो, याबद्दल पुस्तक लिहिलं. ऑक्सफर्डला शिकलेला, फॉर्स्टरचा जिवलग असलेला हा माणूस देशी भाषेच्या बाजूनं उभा राहिला, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच संस्थानातल्या मौलवी अब्दुल हक यांचं काम तर औरंगाबादच्या मातीतच झालं. शिक्षण खात्यात नोकरीसाठी ते इथे आले, अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं कार्यालय त्यांनी इथे आणलं आणि पुढे औरंगाबाद कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९२३ मध्ये सुरू झालेलं ते कॉलेज म्हणजे आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये अंजुमननं प्रसिद्ध केला, तो औरंगाबादेहून. आजही तो उर्दूच्या अभ्यासकांच्या हाताशी असतो. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याच्या अर्थाच्या एकेक छटेला आपल्या भाषेत काय म्हणतात ते बाजारात, कचेरीत, शेरोशायरीत शोधायचं आणि नसेल तर घडवायचं. एका भाषेचा दुसऱ्या भाषेतून इतका कसून अभ्यास या शहरात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता.

मिलिंदचं आवार

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. उच्च शिक्षणाची इथली स्थिती तेव्हा फार वाईट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे कॉलेजला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन हा भिक्खू. परका राजा प्रश्न विचारतो, इथला भिक्खू उत्तर देतो, आणि दोघंही बरोबरीनं वाद घालतात. बाबासाहेबांना विद्येचं हेच रूप अभिप्रेत होतं.

खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदा शाळा पाहिलेली मुलं इथे वसतिगृहात राहू लागली. बाबासाहेब स्वतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. त्यांची बहुतेक ग्रंथरचना इंग्रजीत आहे. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे, हे त्यांनी त्या पत्रात नोंदवलं. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून निघालेली वाट या पत्रापर्यंत आली होती. नागसेनवनात ती आणखी रुंद झाली.

वानखडे अमेरिकेत होते तो काळ नागरी हक्कांच्या लढ्याचा. फ्लोरिडा विद्यापीठात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला होता तोच १९५८ मध्ये, तोही कायद्याच्या शाखेत. पदवीच्या वर्गांचे दरवाजे त्यांच्यासाठी १९६२ मध्ये उघडले. म्हणजे वर्गात व्हिटमनच्या लोकशाहीच्या कवितेवर चर्चा, आणि बाहेर रस्त्यावर त्याच लोकशाहीच्या दारात अडवलेली माणसं. पुढे औरंगाबादच्या कॉलेजात परतलेल्या वानखड्यांना ते दृश्य ओळखीचं वाटलं असणार. व्हिटमनइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, त्यांना खुणावलं ते कृष्णवर्णीयांच्या लेखनानं. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि मराठीतल्या दलित लेखकांनी हे साहित्य वाचावं, त्यातला आत्मसन्मान आणि नकार समजून घ्यावा, हा त्यांनी ध्यासच घेतला.

१९६७ मध्ये मिलिंदच्या आवारात ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं. त्याचंच पुढे ‘अस्मितादर्श’ झालं आणि गंगाधर पानतावण्यांनी ते आयुष्यभर चालवलं. दलित लेखकांच्या कितीतरी पिढ्यांचं पहिलं लेखन त्यात आलं. १९६९ मध्ये अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाच्या दिवाळी अंकात दलित साहित्याची जाणीव, दिशा आणि प्रेरणा या विषयावर चर्चा प्रसिद्ध झाली. वानखडे त्या चर्चेत होते. दिवाळी अंकातल्या एका परिसंवादानं साहित्याच्या इतिहासात जागा मिळवावी, असं क्वचित घडतं. इथे ते घडलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. वानखड्यांचे लेख त्यांच्या पश्चात १९८१ मध्ये ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या पुस्तकात आले.

या वाटेनं जाणारे वानखडे एकटेच नव्हते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. ते इंग्रजीत लिहिलं असतं तर चार प्राध्यापकांनी वाचलं असतं. मराठीत लिहिल्यामुळे ते ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या हाती पडलं. इंग्रजीच्या प्राध्यापकाचा खरा वाचक कोण, याचं उत्तर या दोघांनी आपल्या कृतीनं दिलं.

विद्यापीठ आणि चांगदेव पाटील

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तोवर इथली कॉलेजं उस्मानियाला जोडलेली होती. विद्यापीठ आल्यावर परीक्षा, अभ्यासक्रम आणि संशोधन सगळं घराजवळ आलं. देवगिरी, मौलाना आझाद अशी कॉलेजं एकामागोमाग उघडली आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांची एक मोठी जमात तयार झाली. छोट्या गावांतल्या नव्या कॉलेजांत भाड्याच्या खोलीत राहणारा, संस्थाचालकांच्या राजकारणानं पिचलेला आणि रात्री पुस्तकांत डोकं खुपसून बसणारा इंग्रजीचा तरुण प्राध्यापक मराठी कादंबरीत आला तो चांगदेव पाटीलच्या रूपानं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्या १९७५ ते १९७९ च्या दरम्यान आल्या. महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा त्या काळातला इतका खरा दस्तऐवज सरकारी अहवालांत सापडणार नाही.

नेमाडे स्वतः या शहरात मराठवाडा विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते. ‘वाचा’ या अनियतकालिकाच्या मंडळींशी त्यांचं नातं जुनं. त्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह १९७० मध्ये औरंगाबादच्या वाचा प्रकाशनानं काढला. ‘साहित्याची भाषा’ आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं ‘टीकास्वयंवर’ ही दोन्ही समीक्षेची पुस्तकं इथल्याच साकेत प्रकाशनाची. इंग्रजीच्या या प्राध्यापकानं आपलं संशोधन कशावर केलं? मराठीवर इंग्रजीचा काय परिणाम झाला यावर. आपल्या वाक्यांची रचना कशी बदलली, कोणते प्रयोग आत शिरले, आपल्या बोलण्या-लिहिण्यात समाजाच्या कुठल्या थरातून इंग्रजी कशी झिरपली, याचा भाषाविज्ञानाच्या अंगानं त्यांनी शोध घेतला. ते पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. शेक्सपिअरवर हजारावा प्रबंध लिहिण्यापेक्षा हे काम अवघड होतं आणि आपल्याखेरीज दुसरं कुणी ते करणार नव्हतं.

नेमाड्यांचा देशीवाद सर्वांना पटतो असं नाही. इंग्रजीच्या वर्चस्वावर त्यांनी चढवलेला हल्ला काहींना एकांगी वाटतो. पण हा प्रश्न फक्त इथला नव्हता. १९६८ च्या ऑक्टोबरात केनियातल्या नैरोबी विद्यापीठात न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभाग बरखास्त करावा असं निवेदनच मांडलं. साहित्याच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी इंग्लंड का? आफ्रिका का नाही? आपलं साहित्य मध्ये ठेवून बाकीचं जग त्याच्या भोवती का मांडू नये? नैरोबीत हे विचारलं जात होतं, तेव्हा इकडे ‘अस्मिता’ निघून वर्ष झालं होतं. दोन्हीकडच्यांना बहुधा एकमेकांची खबर नव्हती, पण दुखणं एकच होतं. नैरोबीनं पुढे अभ्यासक्रम बदलला. आपल्याकडे अभ्यासक्रमात नवे पेपर आले, पण मांडणीचं केंद्र बऱ्याच अंशी होतं तिथेच राहिलं.

आजचा वर्ग

मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात बी. ए. प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून पाहावं. सर एक वाक्य वाचतात, लगेच मराठीत सांगतात, मग पुढचं वाक्य. मुलं पुस्तकातल्या शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहितात. एका पानावर असे तीस-चाळीस शब्द. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्या पहिलीतली मुलं आज तिशीत आहेत, आणि त्यांच्या मागून आलेली मुलं अजून पेन्सिल घेऊन बसली आहेत. दोष त्यांचा नाही. बारा वर्षं त्यांना इंग्रजी ‘विषय’ म्हणून शिकवली, भाषा म्हणून नाही.

या मुलांमध्ये इंग्रजीसाठी एक खास क्रियापद आहे. ‘इंग्लिश निघाला का?’ एखाद्या अवघड बाळंतपणाबद्दल विचारावं तसं विचारतात. बाकीचे सगळे विषय निघाले, इंग्लिश राहिला, म्हणून पदवी लटकलेली पोरं गावोगाव आहेत. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत परीक्षेच्या आधी सर्वांत जास्त काय खपतं, हे दुकानदारांना विचारायची गरज नाही. दर्शनी भागातच गाइडं आणि ‘अपेक्षित’ची चवड लागलेली असते. मूळ कादंबरी मागितली तर मागून काढून द्यावी लागते.

शिकवणाऱ्यांची अवस्था वेगळी नाही. कायमच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतात. सुटीचा पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. अशा माणसानं ग्रंथालयात बसून कोशकाराच्या चिकाटीनं एखाद्या विषयाचा पाठपुरावा करावा, ही अपेक्षा करायला तोंड हवं. वानखडे आणि वाघमाऱ्यांच्या मागे एक स्थिर संस्था होती, हे विसरून चालणार नाही.

तरीही आशेची एक जागा आहे आणि ती वर्गातच आहे. आता एम. ए.च्या अभ्यासक्रमांत दलित आत्मकथनं इंग्रजी अनुवादातून येऊ लागली आहेत. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ माया पंडित यांनी इंग्रजीत नेलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, त्याचा जेरी पिंटोंनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला. शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ तर त्याआधीच ऑक्सफर्डनं काढलं. ही पुस्तकं आज दिल्ली, हैदराबाद आणि न्यूयॉर्कच्या वर्गांत शिकवली जातात.

दिल्लीच्या वर्गात ‘येसकर’ (गावाची वेस राखणारा महार) हा शब्द आला की विद्यार्थी तळटीप शोधतो. काठी का, तिला घुंगरू का, भाकरी मागायला दारोदार कोण जायचं, हे त्याला पुस्तकाबाहेरून कळावं लागतं. बीड किंवा जालन्याच्या खेड्यातून आलेल्या, ‘कमवा आणि शिका’ योजनेवर शिकणाऱ्या मुलीला ते घरातून ठाऊक असतं. तिच्या आजीनं ते सांगितलेलं असतं. सातवाहनांच्या पैठणपासून ज्ञानेश्वर-एकनाथांपर्यंतचा आणि वली दखनीच्या गझलेपासून अस्मितादर्शच्या लेखांपर्यंतचा सगळा मुलूख तिच्या मागे उभा असतो. वर्ड्सवर्थच्या डॅफोडिलसमोर ही मुलगी अडाणी ठरते, पण ‘जिणं आमुचं’समोर तीच वर्गातली जाणकार. इंग्रजीच्या वर्गात तिला पहिल्यांदा काहीतरी येत असतं जे सरांनाही येत नाही. हा क्षण ज्या शिक्षकानं ओळखला, त्याचा विद्यार्थी पुढे वर्ड्सवर्थही समजून घेतो. आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे हे कळल्यावर दुसऱ्याचं ऐकायला बळ येतं.

काय करता येईल

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आता सक्तीचा आहे, आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायचं असतं. यातली बरीचशी कामं सध्या इंटरनेटवरून उतरवून, बाइंडिंग करून जमा होतात. हेच प्रकल्प या शहराकडे वळवले तर?

अस्मितादर्शच्या जुन्या अंकांमधले लेख इंग्रजीत नेणं हे एकेका विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असं काम आहे. अब्दुल हकांच्या कोशाच्या तोडीचं काम मराठवाडी बोलीसाठी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. त्याची सुरुवात एखाद्या तालुक्यातल्या शेतीच्या शब्दांपासून करता येईल. मौलाना आझादमधला उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी आणि मिलिंदमधला मराठी माध्यमातला विद्यार्थी यांनी एकत्र बसून सिराज औरंगाबादीची एक गझल मराठी आणि इंग्रजीत आणावी. फॉर्स्टर इथे कसा राहिला, त्याच्या टिपणांत आणि कादंबरीत या शहराचं काय काय आहे, यावर एक चांगली पुस्तिका निघायला हवी. वेरूळला येणारे हजारो परदेशी प्रवासी ती विकत घेतील. कामाच्या प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्याला इथल्या प्रकाशनसंस्थेत पाठवावं, म्हणजे त्याला कळेल की अनुवादाचा करार कसा होतो आणि मुद्रितं कशी तपासतात.

यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहायला नको. विभागप्रमुखांनी ठरवलं तर पुढच्या सत्रात होईल. सरकारनं मात्र एक गोष्ट करायलाच हवी, ती म्हणजे रिकाम्या जागा भरणं. शिक्षकाला उद्याची शाश्वती नसेल तर ही सगळी यादी कागदावरच राहील.

शेक्सपिअर काढून टाका, मिल्टन नको, असं इथे कुणी म्हणत नाही. शेक्सपिअरनं मराठी रंगभूमीला काय दिलं हे आपल्याला ठाऊक आहे. विद्यार्थ्याला ‘हॅम्लेट’ शिकवताना आगरकरांचं ‘विकारविलसित’ बाजूला ठेवलं तर दोन्ही जास्त कळतात. व्हिटमन शिकवताना वानखड्यांचं नाव घेतलं, रिचर्ड राइट शिकवताना नामदेव ढसाळ उघडला, तर मुलाच्या हातातलं पुस्तक जिवंत होतं. परदेशी साहित्य वाचण्याची ही आपली जुनी, कसाला उतरलेली रीत आहे. फुल्यांनी ती घालून दिली, बाबासाहेबांनी चालवली, आणि नागसेनवनात एका पिढीनं तिला फळ आणलं.

दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर माणसांचा पूर लोटतो आणि रस्त्याच्या कडेनं पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यातून आलेला, हातावर पोट असलेला माणूसही तिथून एखादं पुस्तक घेऊन जातो. त्या वाचकाला न्गुगी हवा आहे, टोनी मॉरिसन हवी आहे, जगभरच्या लढणाऱ्या माणसांचं लेखन मराठीतून हवं आहे. ते त्याच्या हाती देण्याची कुवत महाराष्ट्रात सर्वांत आधी इंग्रजी विभागांकडे असायला हवी, कारण दोन्ही भाषा रोज हाताळणारे लोक तिथेच आहेत. या विभागांतल्या प्रत्येक शिक्षकानं आणि एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वर्षाला एक लेख, एक कथा, निदान एक कविता इंग्रजीतून मराठीत किंवा मराठीतून इंग्रजीत आणावी आणि ती छापून लोकांपर्यंत पोचवावी. पुढच्या वर्षीच्या १४ जानेवारीला त्यातलं एक तरी पुस्तक विद्यापीठाच्या दारातल्या स्टॉलवर असलं पाहिजे.